पडद्यावर सात, हवेत बावीस

शिकागोत डब्ल्यूएलएस नावाची एक टीव्ही वाहिनी आहे. तिथली माणसं तिला अनेक वर्षं ‘चॅनल सात’ म्हणून ओळखतात. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण कायमचं बंद झालं, तेव्हा या वाहिनीचं डिजिटल प्रक्षेपण खरोखरच सातव्या चॅनलच्या वारंवारतेवर आलं आणि शहरातल्या कितीतरी घरांतून ती दिसेनाशी झाली. लोकांनी डिजिटलसाठी म्हणून आणलेले घरातले छोटे अँटेना प्रामुख्याने वरच्या, यूएचएफ पट्ट्यासाठी बनवलेले होते, आणि सातवा चॅनल पडतो खालच्या व्हीएचएफ पट्ट्यात. मग वाहिनी ४४व्या चॅनलवर गेली. पुढे ४४वी जागा मोबाइल सेवेसाठी रिकामी करायची ठरली, तेव्हा ती २२व्या चॅनलवर आली. या सगळ्या काळात टीव्हीच्या पडद्यावर मात्र ७.१ हाच आकडा राहिला.

दारावरची पाटी तीच आणि घर मात्र दुसऱ्या गल्लीत गेलेलं, असा हा प्रकार. डिजिटल प्रक्षेपणात वाहिनी आपला ओळखीचा आकडा माहितीच्या स्वरूपात सोबत पाठवते. टीव्ही पहिल्यांदा सगळा पट्टा तपासतो, तेव्हा कुठला आकडा कुठल्या वारंवारतेवर सापडला याची नोंद करून ठेवतो, आणि पुढे रिमोटवर सात दाबलं की त्या नोंदीकडे जातो. वारंवारता बदलली की ती नोंद खोटी ठरते. टीव्ही जुन्या जागी जाऊन शोधतो, तिथे काही नसतं, आणि पडदा सांगतो : सिग्नल नाही.

पडदा एवढंच सांगतो, हा या लेखाचा मुद्दा आहे. सरकारने निर्णय घेतला, लिलाव झाला, मनोऱ्यावर नवा अँटेना चढला, यातलं काहीही पडद्यावर येत नाही. ज्याच्या घरात चित्र गेलं त्याला वाटतं की टीव्ही बिघडला, वायर सैल झाली, अँटेना जुना झाला. सार्वजनिक निर्णयाचा परिणाम खासगी बिघाडाचं रूप घेऊन घरात येतो आणि दुरुस्तीचा खर्च, वेळ आणि मनस्ताप घरातल्या माणसाच्या माथी बसतो. हे चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. वारंवारता बदलल्यामुळे गेलेलं चित्र परत आणणं ही बदल घडवणाऱ्याची जबाबदारी आहे आणि त्याचा खर्च त्या बदलातून मिळणाऱ्या पैशातूनच व्हायला हवा.

अमेरिकेत या बदलाला ‘रीपॅक’ म्हणत. २०१६ ते २०१७ या काळात तिथल्या एफसीसी या नियामक संस्थेने दुहेरी लिलाव केला. आधी टीव्ही केंद्रांना विचारलं की किती पैसे मिळाले तर तुम्ही तुमची जागा सोडाल; मग ती जागा मोबाइल कंपन्यांना विकली. ३८ ते ५१ हे चॅनल, म्हणजे ६१४ ते ६९८ मेगाहर्ट्झ असा ८४ मेगाहर्ट्झचा पट्टा रिकामा करायचा ठरला. लिलावात सुमारे १,९८० कोटी डॉलर जमले. त्यातले १,००० कोटींहून अधिक जागा सोडणाऱ्या केंद्रांना गेले आणि उरलेल्यातला मोठा भाग, ७०० कोटींच्या वर, सरकारी तिजोरीत. जी केंद्रं राहिली त्यांना उरलेल्या पट्ट्यात दाटीवाटीने बसवायचं होतं, म्हणून ९८७ केंद्रांना चॅनल बदलावा लागला. दहा टप्प्यांत हे काम झालं आणि ३ जुलै २०२० रोजी, करोनाच्या साथीत, शेवटचा टप्पा संपला.

तांत्रिकदृष्ट्या हे काम अवाढव्य होतं आणि ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल आदर वाटावा असंच होतं. शेकडो मीटर उंच मनोऱ्यांवर टनावारी वजनाचे अँटेना चढवणारी अनुभवी पथकं मोजकीच होती. सप्टेंबर २०१७मध्ये मायामीजवळ अशाच एका मनोऱ्यावर काम करताना तीन कामगार पडून मेले. एप्रिल २०१८मध्ये मिझुरी राज्यातल्या फोर्डलँडजवळ दुरुस्ती चालू असताना मनोराच कोसळला आणि एकाचा जीव गेला. मोबाइलला रेंज मिळते तेव्हा ही माणसंही आठवावीत.

लिलावासाठी रिकाम्या केलेल्या पट्ट्याच्या अगदी शेजारी ३७वा चॅनल आहे : ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ. अमेरिकेत त्यावर टीव्ही प्रक्षेपण होत नाही, कारण तो मुख्यतः रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखलेला आहे. आपल्या जुन्नर तालुक्यात खोडदला असलेली जीएमआरटी दुर्बीणसुद्धा ६१० मेगाहर्ट्झच्या आसपास आकाश न्याहाळत आली आहे. दूरच्या आकाशगंगांचे क्षीण सिग्नल ऐकू यावेत म्हणून शांत ठेवलेली ही जागा लिलावाच्या काळातही शाबूत राहिली, कारण खगोलशास्त्रज्ञांनी आपला हक्क नियमांत आधीच लिहून घेतला होता. प्रेक्षकाचा असा हक्क कुठे लिहिलेला नव्हता.

आता त्या प्रेक्षकाच्या घरात नेमकं काय होतं ते पाहू. पहिला उपाय सोपा : टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा स्कॅन करायचं. बहुतेक घरांत तेवढ्याने भागतं. पण काही टीव्ही जुन्या नोंदी पुसतच नाहीत. नव्याच्या जोडीला जुन्याही तशाच ठेवतात. तिथे अँटेनाची वायर काढायची, वायरीविना एकदा स्कॅन करून यादी कोरी करायची, मग वायर जोडून पुन्हा स्कॅन करायचं. ही युक्ती माहीत असलेल्याला पाच मिनिटांची. माहीत नसलेल्याला ती आपणहून सुचणं जवळपास अशक्य. शिवाय एका शहरातली सगळी केंद्रं एकाच दिवशी हलतील असं नव्हतं. ज्या भागात दोन-तीन शहरांची प्रक्षेपणं पोहोचतात, तिथे प्रत्येक टप्प्याला नव्याने स्कॅन करावं लागे. ज्याने एकदा केलं आणि चित्र मिळवलं, त्याचं चित्र काही महिन्यांनी पुन्हा गेलं.

स्कॅन करूनही चित्र आलं नाही तर पुढची वाट अवघड होते. केंद्र खालच्या पट्ट्यात गेलं असेल तर अँटेनाच्या काडीची लांबी पुरत नाही. सातव्या चॅनलला साधारण ८५ सेंटिमीटर लांबीची काडी लागते, बाविसाव्याला साधारण २९. खिडकीला चिकटवायचा पातळ अँटेना पहिल्यासाठी तोकडा पडतो. त्यात व्हीएचएफ पट्ट्यात घरातले स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि मोटारी यांचा गोंगाट अधिक. दुसरी अडचण उलट्या टोकाची आहे. दुर्बळ सिग्नल मोठा करायला लोकांनी छतावर बूस्टर बसवलेले असतात. जुने बूस्टर पूर्ण टीव्ही पट्ट्यासाठी बनवलेले, म्हणजे आता जिथे मोबाइलचे मनोरे बोलतात तो ६०० मेगाहर्ट्झचा भागही ते इमानेइतबारे वाढवतात. जवळच्या मोबाइल मनोऱ्याचा जोरदार सिग्नल बूस्टरला दिपवून टाकतो आणि ज्या वाहिन्यांची वारंवारता बदललेलीच नाही त्याही अडखळू लागतात. मीटरवर जोर भरपूर दिसतो पण गुणवत्ता शून्य. इथे आणखी मोठा बूस्टर लावला तर दुखणं वाढतं. लागतो तो एक छोटा फिल्टर. तिसरी शक्यता अशी की केंद्र स्वतःच काही आठवडे कमी ताकदीवर, पर्यायी अँटेनावरून चालू आहे, कारण मुख्य अँटेना बदलायचं काम मनोऱ्यावर चालू आहे. अशा वेळी घरातल्या माणसाने काहीच न करणं हाच योग्य उपाय, पण हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून तो नवा अँटेना विकत आणतो.

ॲनालॉगच्या काळात चित्र स्वतःच आपलं दुखणं सांगायचं. मुंग्या आल्या तर सिग्नल दुर्बळ, एकाच्या दोन आकृती दिसल्या तर लाट डोंगरावरून किंवा इमारतीवरून आदळून येते आहे, आडव्या रेषा आल्या तर शेजारची मोटार चालू आहे. गच्चीवरचा अँटेना हळूहळू फिरवत खालून ‘आलं, आलं’ ऐकू येईपर्यंत थांबता येत होतं, कारण प्रत्येक अंशाला चित्रात फरक पडायचा. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष असतं. त्या मर्यादेच्या खाली ते थोडा वेळ चौकोनांत तुटतं आणि मग नाहीसंच होतं. नोंद चुकीची, काडी तोकडी, बूस्टर दिपलेला, मनोऱ्यावर काम : चारही कारणांना पडदा एकच उत्तर देतो. दोष शोधण्याची जी शक्ती सामान्य माणसाकडे होती ती या तंत्राने काढून घेतली. चित्र अधिक चांगलं झालं हे खरंच, पण म्हणूनच बिघाडाच्या वेळी बाहेरून मदत मिळण्याची गरज वाढली.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं, आणि ते बिनबुडाचं नाही. स्कॅन करायला पैसे पडत नाहीत, दहा मिनिटं लागतात, बहुसंख्यांचं काम त्यातच होतं; मग थोड्यांसाठी एवढा बाऊ कशाला? शिवाय ६०० मेगाहर्ट्झची लाट दूरवर जाते, भिंती ओलांडते. ग्रामीण भागात मोबाइल पोहोचवायला तिच्यासारखी दुसरी नाही. मला हे दुसरं म्हणणं पूर्ण मान्य आहे. पट्टा मोबाइलला देऊ नये असं मी म्हणत नाही. पण पहिल्या म्हणण्यात एक मेख आहे. ज्या थोड्यांचं काम स्कॅनने होत नाही ते थोडे यदृच्छेने विखुरलेले नसतात. हवेतून येणाऱ्या फुकट टीव्हीवर अवलंबून असणाऱ्यांत केबल न परवडणारे, म्हातारे, एकटे राहणारे आणि इंग्रजी नीट न येणारे स्थलांतरित यांचं प्रमाण मोठं. मेनूत शिरून चौथ्या पातळीवरचा पर्याय शोधणं त्यांनाच सर्वात अवघड जातं, आणि वादळाची सूचना टीव्हीवरून मिळण्याची गरजही त्यांनाच सर्वाधिक. सरासरी माणसाची दहा मिनिटं मोजून हिशेब मांडला तर नेमकी हीच माणसं हिशेबातून गळतात.

पैशाचा हिशेब तर अधिक बोलका आहे. केंद्रांना नवी यंत्रसामग्री घेता यावी म्हणून अमेरिकी काँग्रेसने १७५ कोटी डॉलर बाजूला काढले, ते अपुरे पडतील असं दिसल्यावर २०१८मध्ये आणखी १०० कोटींची तरतूद केली. या दुसऱ्या रकमेतले ५ कोटी डॉलर प्रेक्षकांना माहिती देण्यासाठी होते. लिलावाच्या दर चारशे डॉलरमागे जेमतेम एक डॉलर. प्रसारकाचा खर्च हा खर्च मानला गेला, त्याची पावती घेतली गेली, भरपाई झाली. प्रेक्षकाने विकत घेतलेला अँटेना, फिल्टर, बोलावलेल्या कारागिराची मजुरी यांची पावती मागायला कोणी आलं नाही. त्याला मिळाली ती माहिती.

अमेरिकेला हे आधी कळलं नव्हतं असंही नाही. २००९मध्ये ॲनालॉग बंद करताना जुन्या टीव्हीला लावायच्या बॉक्ससाठी घरटी ४० डॉलरची दोन कुपनं देण्याची १३४ कोटी डॉलरची योजना होती. तो निधी मुदतीच्या आधीच अडकून पडला आणि प्रतीक्षायादी लागली, म्हणून १७ फेब्रुवारीची तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलावी लागली. त्या १२ जूनला सरकारी मदत केंद्रावर ३ लाखांहून अधिक फोन आले. बॉक्स कसा चालवायचा आणि चित्र का येत नाही, हे त्यातले मोठे प्रश्न. त्या वेळी एक गोष्ट मात्र फार समंजसपणे केली गेली. ‘नाइटलाइट’ नावाच्या व्यवस्थेखाली काही केंद्रांनी जुनं ॲनालॉग प्रक्षेपण जास्तीत जास्त तीस दिवस चालू ठेवलं, पण त्यावर कार्यक्रमांऐवजी काय बदललं आणि आता काय करायचं हे सांगितलं. ज्याचा टीव्ही अजून जुन्या जागी शोधत होता त्याला तिथेच उत्तर मिळालं. रीपॅकमध्ये सुटलेल्या जागेवर लगेच दुसरं केंद्र यायचं असल्याने असं करायला वाव फारसा नव्हता. मग दुसरा काही आधार अधिक भक्कम करायला हवा होता, आणि तो केला गेला नाही.

ब्रिटनने हेच काम वेगळ्या भावनेने केलं. २०१२मध्ये तिथलं ॲनालॉग बंद होईपर्यंत ७५ वर्षांवरच्या, अपंग आणि अंध व्यक्तींसाठी एक मदत योजना चालवली गेली. त्यात नुसता बॉक्स दिला जात नव्हता. माणूस घरी यायचा, बॉक्स लावून द्यायचा, शिकवायचा आणि नंतर अडलं तर पुन्हा मदत मिळायची. सुमारे १३ लाख लोकांना तिचा लाभ झाला. पुढे ८०० मेगाहर्ट्झचा पट्टा फोर-जीला विकला तेव्हा परवाने घेणाऱ्या मोबाइल कंपन्यांकडूनच १८ कोटी पाउंडांपर्यंतचा निधी उभा करून ‘ॲट ८००’ नावाची संस्था काढली गेली. मोबाइल मनोरा सुरू होण्याआधी आसपासच्या घरांना पत्र जायचं, बाधित घरांना फिल्टर फुकट मिळायचा, वृद्ध आणि अपंगांच्या घरी तो कारागीर येऊन बसवायचा, आणि एवढ्यानेही काम झालं नाही तर टीव्ही पाहण्याचा दुसरा मार्ग लावून दिला जायचा. प्रत्यक्षात बाधित घरं अंदाजापेक्षा पुष्कळ कमी निघाली. काहींनी यावरून ही सगळी तयारी वाया गेली असा निष्कर्ष काढला. मला त्यातून उलटंच दिसतं. प्रेक्षकाला भक्कम वचन देणं किती स्वस्त पडतं, याचा तो पुरावा आहे.

आपल्याकडे हवेतून येणारा टीव्ही म्हणजे आता मुख्यतः छत्री, म्हणजे उपग्रहाची डिश. दूरदर्शनने २०२२पर्यंत मोजके अपवाद सोडून देशभरातले ॲनालॉग मनोरे बंद केले. २०१६मध्ये मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, यांच्यासह काही शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, पण ते घेऊ शकणारे टीव्ही घरोघर गेलेच नाहीत. राहिली ती दूरदर्शनची फ्री डिश. १६ डिसेंबर २००४ला डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा उद्योगाच्या अंदाजानुसार चार कोटींहून अधिक घरांत आहे : शेतमजुरांच्या, ऊसतोड कामगारांच्या, कोकणातल्या एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या. महिन्याचं भाडं नाही, हाच तिचा मोठेपणा.

याच घरांना बदल वारंवार सोसावे लागले. सुरुवातीला सेवा एनएसएस-६ या उपग्रहावर, ९५ अंश पूर्वेला होती. ती इन्सॅट-४बी वर, ९३.५ अंशाला आली तेव्हा छत्री फिरवावी लागली. पुढे नोव्हेंबर २०१५मध्ये सोडलेल्या जीसॅट-१५ वर आली तेव्हा जागा तीच राहिली, पण बॉक्सला नव्या वारंवारता शोधायला लावाव्या लागल्या. काही वाहिन्या एमपेग-४ पद्धतीने येतात, त्या जुन्या एमपेग-२ बॉक्सवर दिसत नाहीत. वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो, त्यामुळे दर एप्रिलच्या सुमाराला यादी हलते. मार्च २०१९मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी आपल्या मोफत हिंदी मनोरंजन वाहिन्या काढून घेतल्या, २०२०मध्ये परत आणल्या आणि एप्रिल २०२२मध्ये पुन्हा काढल्या. गावातल्या माणसाला वाहिनी लिलावात गेली, वारंवारता बदलली, छत्रीवरच्या एलएनबीत पाणी शिरलं, की माकडांनी छत्री हलवली, हे कळायला मार्ग नसतो. तो गावातल्या छत्रीवाल्याला बोलावतो. छत्रीवाला सिग्नल फाइंडर घेऊन छपरावर चढतो, छत्री जागच्या जागी आहे हे पाहतो, खाली येऊन रिमोटवर ऑटो स्कॅन करतो आणि आपली मजुरी घेतो. ती त्याच्या कष्टाची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती एका दिवसाच्या रोजाचा मोठा लचका असते, आणि ज्या बदलासाठी ती मोजावी लागली तो बदल त्या घराने मागितलेला नव्हता.

आपण वारंवारतांच्या लिलावांच्या मोठ्या पर्वात आहोत, म्हणून हे आता बोलायला हवं. २०२२च्या लिलावात दीड लाख कोटी रुपयांहून अधिक रकमेच्या बोली लागल्या. फाइव्ह-जीला ३,३०० ते ३,६७० मेगाहर्ट्झचा पट्टा गेला आणि केबलवाल्यांच्या मोठ्या डिश ज्या पट्ट्यावर वाहिन्या उतरवतात तो ३,७०० पासून वर चालू होतो. मधली मोकळी जागा अवघी ३० मेगाहर्ट्झची. जवळ फाइव्ह-जीचा मनोरा उभा राहिला की डिशला वेगळा फिल्टर लावावा लागतो, नाहीतर शंभर घरांचं चित्र एकदम तुटतं. त्याच लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही ठेवला होता, म्हणजे अमेरिकेने रिकामा केला जवळपास तोच. त्याला बोली आली नाही. तो कधीतरी विकला जाईलच. मोबाइलवर थेट टीव्ही दाखवण्यासाठी ५२६ ते ५८२ मेगाहर्ट्झ वापरण्याची चर्चाही चालू आहे.

तेव्हा अशा प्रत्येक बदलाच्या अटींतच प्रेक्षकाची तरतूद लिहिली गेली पाहिजे. उपग्रहावर जुन्या वारंवारतेवर काही आठवडे फक्त मराठी, हिंदी, कन्नड अशा त्या त्या भाषेतली सूचना चालू ठेवता येते. नाइटलाइटने ते करून दाखवलं आहे. फोनवर बटणं दाबायला न लावता माणूस मराठीत बोलेल आणि ‘आजी, रिमोटवरचं मेनू बटण दाबा’ इथपासून सुरुवात करेल, अशी व्यवस्था करता येते. एमपेग-२ बंद करायचं असेल तर नवा बॉक्स आधी घरात पोहोचवून मग तारीख ठरवता येते. आणि छत्रीवाल्यांची तालुकावार नोंदणी करून, बदलानंतरच्या तीन महिन्यांत वृद्ध, अपंग आणि शिधापत्रिकेवर अंत्योदयाची नोंद असलेल्या घरांत त्यांनी केलेल्या प्रत्येक फेरीची मजुरी लिलावाच्या रकमेतून थेट त्यांच्या खात्यात जमा करता येते. दीड लाख कोटींच्या हिशेबात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही, इतकी लहान असेल.